माझा अनुभव: दुकान साताऱ्यात, पिन कोल्हापुरात

मी साताऱ्यात शाहूपुरीला फ्रीज-एसी रिपेअरिंग करतो, घरातूनच. गिऱ्हाइकाला सापडावं म्हणून गूगल मॅपवर दुकानाची नोंद केलीय. यंदा ऐन उन्हाळ्यात, म्हणजे आमच्या सीझनला, फोन यायचे ते सगळे कोल्हापूरचे. राजारामपुरीतल्या एक काकू तर चिडल्याच, "अहो मॅपवर स्टेशनजवळ दाखवतंय आणि तुम्ही साताऱ्यात म्हणताय, यायचं नसेल तर सरळ सांगा की!"

आता शाहूपुरी इथं पण आहे आणि कोल्हापुरात पण, आपले थोरले शाहू महाराज, तिकडचे राजर्षी, मॅपला काय कळणार. पण मध्ये सव्वाशे किलोमीटर आहेत ना. आणि शोधणारा माणूस जिथं उभाय तिथनं अंतर पण बघून यादी लागते, त्यामुळं शेजारच्या गल्लीतल्याला पण मी दिसत नव्हतो.

मी चार वेळा पत्ता बदलला, सातारा लिहिलं, ४१५ वाला पिनकोड टाकला, ढिम्म फरक नाही. शेवटी भाची म्हणाली, "मामा, पिनकोड नाही, पिन! तुम्ही नुसती अक्षरं बदलताय, ती लाल खूण हलवलीच नाही." सुरुवातीला शाहूपुरी टाईप करून जे पहिलं नाव आलं त्यावर बोट ठेवलं होतं, तेच नडलं. मग सॅटेलाईट व्ह्यू लावून आमच्या पत्र्यावरची निळी टाकी शोधली आणि पिन ओढून तिथं आणली.

तर लगेच व्हेरिफिकेशन, म्हणजे दुकान खरंच तिथं आहे का याची गूगलची तपासणी. न थांबता एकच व्हिडिओ, रस्ता, बोर्ड, हत्यारं, कुलूप उघडताना, सगळं. पहिला रिजेक्ट, कारण धड सांगितलंच नाही. बहुतेक बोर्ड नीट दिसत नव्हता. त्यात २०२० च्या हद्दवाढीत आम्ही नगरपालिकेत गेलो, जुन्या कागदांवर अजून ग्रामपंचायतच, म्हणून दुसऱ्यांदा नवीन लाईटबिलच कॅमेऱ्यासमोर धरलं. ते पास झालं.

घरचा पत्ता लपवून सर्व्हिस एरियात, म्हणजे मी जिथं कामाला जातो त्या भागात, सातारा, कोडोली, कोरेगाव टाकलंय. मित्र म्हणाला पुणे पण टाक, पण तिथं नाव टाकलं म्हणून तिथं वर दिसत नाही, उगाच.

आता गोडोलीचे, करंज्याचे फोन येतात. एका दुसऱ्या साईटनं मात्र जुना चुकीचा पत्ता उचललाय, दोनदा मेल केला, उत्तर नाही. तोवर कोल्हापूरच्या एका ओळखीच्या मेकॅनिकचा नंबर काकूंना देऊन ठेवलाय.