सोसण्याची वही: आठवडा सातवा

वहीत आज तेवीस क्रियापदं झाली. सुरुवातीला पन्नास म्हटलं होतं, तो आकडा खोडला. शब्द गोळा करायला एक संध्याकाळ पुरते, ते आपल्या तोंडून धड बाहेर पडायला महिना जातो.

मागच्या नोंदी ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी: अडचणीला सामोरं जाणं आणि ती सोसणं, या घराण्यातली इंग्रजी क्रियापदं मी जमवतोय. नियम एकच. प्रत्येक शब्दाला सोलापुरातलं, स्वतः पाहिलेलं वाक्य हवं. कोशातलं उदाहरण उतरवलं की ओळ बाद.

या आठवड्यात 'फेस'चा हिशेब मिटला. वीस वर्षं मी 'फेस टू द प्रॉब्लेम' म्हणत आलो. चूक कुठून आली ते परवा दूध तापवताना सुचलं. आपण संकटाला तोंड देतो ना, तो 'ला' डोक्यात बसलेला. त्याचाच इंग्रजीत 'टू' होतो. तिकडे मधे काहीच लागत नाही, 'फेस द प्रॉब्लेम' म्हटलं की झालं. 'फेस अप टू' आहे, पण ते वेगळं प्रकरण: नको असलेली गोष्ट शेवटी कबूल करणं. मला जवळचा चष्मा लागलाय, हे मी मागच्या महिन्यात 'फेस अप टू' केलं.

याच्या शेजारचीच चूक 'कोप अप विथ'. आमच्या ऑफिसात सगळे असंच म्हणतात. 'कीप अप विथ', 'पुट अप विथ' कानावर पडून पडून तो 'अप' इथेही चिकटला असावा. नुसतं 'कोप विथ' हवं. हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या फटका मारण्यातून आलाय, म्हणजे मुळात हाणामारीचा. आता अर्थ उरलाय निभावून नेण्याचा. (मराठी कानाला मात्र आधी देवाचा कोपच ऐकू येतो.)

'बेअर'ला वाक्य शोधावं लागलं नाही. मूळ अर्थ वाहून नेणं, आणि संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतले लोक ते उंच नंदीध्वज तोलत नेतात, ते अगदी शब्दशः 'बेअर' करणं. ओझ्याच्या जागी दुःख ठेवलं की 'बेअर द पेन'. 'सफर'ही लॅटिनमधून तसाच आलेला, खालून उचलून धरणं. फक्त 'बेअर'च्या मागे 'विथ' लागला की अर्थ बदलतो आणि तिथे मी आपटलोय. सुताच्या एका व्यापाऱ्याला मेलमध्ये लिहिलं होतं, 'प्लीज बेअर मी फॉर टू डेज'. दोन दिवस मला उचलून घ्या! 'बेअर विथ मी' हवं होतं. समोरून 'ओके सर' आलं, त्यामुळे लाज वाटायला तीन वर्षं लागली.

आता खरा शोध. शेजारची दहावीतली पोरगी माझी वाक्यं तपासते. 'आय स्टँड द हीट' वाचून म्हणाली, "काका, हे कसंतरीच वाटतंय." का, ते तिला सांगता येईना, मलाही येईना. 'आय कान्ट स्टँड द हीट' मात्र चालतं. मे महिन्यात 43 अंशांत ते वाक्य आपोआप निघतं. मग लक्षात आलं, या अर्थाचा 'स्टँड' सहसा नकारात नाहीतर प्रश्नातच येतो. आणि हे आपल्याला नवं कुठंय? 'राहवत नाही' म्हणतो, 'मला छान राहवतं' कोण म्हणतो? 'बघवत नाही', 'सोसवत नाही', सगळी नकाराचीच लेकरं. 'आय कान्ट बेअर टू वॉच' म्हणजे नेमकं 'बघवत नाही'. तेव्हापासून 'कान्ट' लावूनच पाठ करतोय, आणि चुकत नाही.

'विदस्टँड' मला नोकरीनं दिला. मी अक्कलकोट रोडला सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावण्याच्या, कारखान्यात हिशेब बघतो. ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, खळ लावली नाही तर मागावर घासून, ओढ बसून सूत तटातट तुटतं. खळ लावलेलं सूत ती ओढ 'विदस्टँड' करतं. यातला 'विथ' म्हणजे 'सोबत' नव्हे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'विरुद्ध' होता. हे कळल्या दिवशी मी खात्याच्या माणसाला गाठून सांगितलं. तो म्हणाला, "बरं मग?"

'पुट अप विथ' म्हणजे नळाला चार-पाच दिवसांनी येणारं पाणी. जास्त लिहीत नाही. 'टॉलरेट'ला 'खपवून घेणं' चपखल बसतं, विशेषतः 'खपवून घेतलं जाणार नाही' या सुरात.

'स्टमक'पासून सावध राहा. मी आनंदानं 'पोटात घालणं' लिहून मोकळा झालो होतो. पण आपण चूक पोटात घालतो म्हणजे माफ करतो. इंग्रजीत 'कान्ट स्टमक' म्हणजे घशाखाली उतरत नाही, पचत नाही. पोट तेच, काम वेगळं. ओळ खोडून 'पचवणं' केलं.

'वेदर' अजून कोरा आहे. वादळातून तरून जाणं, असा दर्यावर्दी अर्थ, आणि आमच्याकडे समुद्र म्हणजे सहलीचा विषय. एप्रिलच्या वळवात माझ्या गच्चीवरचा पत्रा उडाला, म्हणजे मी काही 'वेदर' केलं नाही. शेजारच्या काकूंचा टिकला. उडाला नाही तो पत्रा मी डोळ्यांनी पाहिलाय, तर ते वाक्य नियमात बसतं का, सांगा.