91 पर्सेंटाइल आणि चुकीचा रकाना

जून 2024 मध्ये एमएचटी-सीईटीचा, म्हणजे राज्याच्या इंजिनीअरिंग प्रवेश परीक्षेचा निकाल लागला. मला 91 पर्सेंटाइल होते, बारावीला 78 टक्के. काका पेढे घेऊन आले आणि दारातूनच म्हणाले, "एक्क्याण्णव म्हणजे पुण्यात कुठंही मिळंल की!" खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, शंभरातले किती जण आपल्या मागे ते, हे मला पाठ होतं, पण धड्याखालचं उत्तर पाठ असतं तसं. त्या वर्षी पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपला तीन लाखांच्या आसपास मुलं बसली होती. म्हणजे सत्तावीसेक हजार माझ्या पुढे. पुढे मेरिट लिस्टमध्ये माझा नंबर पंचवीस हजारांच्या पलीकडे निघाला. तोवर पेढे संपले होते.

तरी मी यादी केलीच. वहीच्या एका पानावर अकरा कॉलेजं, सगळी पुण्यातली, सगळीकडे कॉम्प्युटर शाखा. कट-ऑफ, म्हणजे आधीच्या वर्षी कुठली जागा किती पर्सेंटाइलला बंद झाली ते, बघितले नव्हते असं नाही. बघितले होते, चांगले दोन दिवस बघितले होते, आणि दोन-तीन ठिकाणी आपलं जमतंय असंही दिसत होतं.

आमच्या आळीतली एक ताई तेव्हा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिला आईनं चहाला बोलावलं. तिनं यादी बघितली, काही बोलली नाही. मागच्या वर्षीच्या कट-ऑफची पीडीएफ उघडायला सांगितली आणि विचारलं, "तू यातला कुठला रकाना बघितलास?"

मी पहिलाच बघितला होता. जी-ओपन-एच, ओपन म्हणजे खुला प्रवर्ग.

"एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी. तू बारावी कराडला केलीस, म्हणजे तुझं होम शिवाजी विद्यापीठ. सातारा, सांगली, कोल्हापूर. पुण्याच्या कॉलेजात तू बाहेरची. तुला ओ बघायचाय, बाहेरच्यांचा."

ओ चा आकडा एका कॉलेजात पाच पर्सेंटाइलनं वर होता, दुसरीकडे तीननं. पाच मिनिटांत माझी अकराच्या अकरा कॉलेजं गेली. तिनं पेन्सिलीनं काट मारली तेव्हा मला तिचा रागच आला होता. मग तिनं हेही सांगितलं की पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय, इथं होम-बाहेर भानगड नाही, जागा राज्य पातळीवर भरतात, तिथं एस बघायचा. म्हणजे घरापासून सायकलनं जाता येईल अशा कॉलेजात मला घरच्या असण्याचा काडीचाही फायदा नव्हता. उलट एल च्या, म्हणजे मुलींसाठी राखीव जागा मी विसरलेच होते. तो आकडा काही ठिकाणी थोडा खाली असतो.

नवी यादी आम्ही ओट्याशेजारी बसून केली, आई पोळ्या लाटत होती. ताईची रीत साधी होती. आकड्याच्या वर मेरिट नंबर छापलेला असतो, तो माझ्या नंबराशी ताडून बघायचा. जागा फेऱ्याफेऱ्यांनी वाटतात, म्हणून पहिल्या फेरीचा बघायचा आणि शेवटच्या फेरीचाही. दोन वर्षांचा बघायचा, कारण एकाच वर्षावर भरवसा नाही. माझ्यापेक्षा चार-पाच हजारांनी पुढे बंद झालेल्या जागा वर ठेवल्या, नशिबाला. आसपासच्या मधे. आणि खाली सात-आठ अशा, की आभाळ कोसळलं तरी मिळतील. या खालच्या भरताना माझा चेहरा पडला. ताई म्हणाली, "जिथं गेल्यावर रोज रडशील ते टाकूच नकोस. पण खाली काहीच नसेल तर नंतर जे शिल्लक असेल ते घ्यावं लागतं."

फॉर्ममध्ये तीनशे पर्यायांपर्यंत भरता येतात. मी बेचाळीस भरले. बाबांना धाकधूक होती की वरची कॉलेजं आधी टाकली तर हातातलं जाईल. तसं होत नाही. नंबर आला की यादी वरून खाली बघतात आणि पहिली मोकळी जागा देतात, म्हणून क्रम आपल्या इच्छेचा लावायचा. फक्त पहिला पर्याय जपून टाकायचा, कारण पहिल्या फेरीत तोच लागला तर तो पक्का, पुढच्या फेरीत जाता येत नाही.

मधेच एका कॉलेजातून फोन आला. "लॉगिन-पासवर्ड द्या, ऑप्शन फॉर्म आम्हीच भरून देतो, मोफत." बाबा हो म्हणणारच होते, कारण समोरचा माणूस फार गोड बोलत होता. मोफत माणसाला माझ्या यादीत एवढा रस का, हे आईनं विचारलं आणि विषय मिटला.

कॉम्प्युटरचा प्रश्न मात्र शेवटपर्यंत सुटला नाही. नाव न ऐकलेल्या कॉलेजात कॉम्प्युटर, की बऱ्या कॉलेजात इलेक्ट्रिकल? सगळे म्हणत होते, शाखा महत्त्वाची. मी दोन्ही कॉलेजं बघून आले, एसटीनं, एकाच दिवशी. पहिल्या ठिकाणी लॅबमधल्या निम्म्या संगणकांवर प्लास्टिकची कव्हरं होती, त्यांवर धूळ. दुसरीकडे वर्कशॉपमध्ये मुलं मोटार उघडून बसली होती, आणि एकानं मला बाजूला सरकायला सांगितलं. मी इलेक्ट्रिकल वर घेतलं. याचं नीट कारण मला आजही देता येत नाही.

पहिल्या फेरीत सतरावा पर्याय लागला. एक हजार भरून जागा धरली आणि बेटरमेंटला, म्हणजे आणखी वरचा पर्याय मिळतो का बघायला, पुढच्या फेरीत गेले. दुसऱ्या फेरीत नववा लागला, कोल्हापूरचं इलेक्ट्रिकल. तिथंच थांबले. काकांनी विचारलं, "पुणं नाही का मग?" आईनं त्यांना चहा दिला.

2025 ला माझा मामेभाऊ याच रांगेत होता. नियम बदलले होते: फेऱ्या चार झाल्या, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनमधलं आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहामधलं काही लागलं तर ते पक्कं. म्हणजे वरचे सहा तर आणखी विचार करून लावायचे. तो यादी घेऊन आला तेव्हा मी ती उघडायच्या आधी विचारलं, "बारावी कुठल्या जिल्ह्यातून केलीस रे?"