न मिटलेलं अवतरणचिन्ह

म्हापशातल्या एका घाऊक किराणा व्यापाऱ्याच्या गोदामातला सर्व्हर मी सांभाळतो. बिलांचा डेटाबेस आणि फाइल शेअरिंगसाठी सांबा, एवढंच त्याचं काम. तो सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीवर होता. ३० जून २०२४ ला त्याचे अपडेट बंद झाले, म्हणून शेठना विचारून मी तो फ्रीबीएसडी या दुसऱ्या मोफत प्रणालीवर न्यायचं ठरवलं. गणपतीची चवथ तोंडावर आली होती. गुरुवारी संध्याकाळी गोदाम बंद झाल्यावर कामाला बसलो.

सेंटओएसवर पॅकेजेस, म्हणजे तयार प्रोग्रॅम, बसवणाऱ्या यमची सवय असलेल्या हाताला इथलं तेच काम करणारं पीकेजी लवकर जमलं. वेळ गेला तो जागा शोधण्यात. सांबाची सेटिंगची फाइल मी जुन्या सवयीने /ईटीसी या फोल्डरमध्ये बघत होतो, ती निघाली /यूएसआर/लोकल/ईटीसीमध्ये. इथे मूळ प्रणालीची घडी वेगळी आणि आपण बसवलेल्या गोष्टींची वेगळी. मला हे फार आवडतं. दोन वर्षांनी मशीन उघडलं तरी आपण काय आणून ठेवलं ते लगेच कळतं. शिवाय कुठलं पॅकेज आपण मागितलं आणि कुठलं दुसऱ्याच्या ओढीने आलं, हेही पीकेजी लक्षात ठेवतं.

मशीन चालू होताना काय सुरू व्हायचं, ते मात्र आरसी डॉट कॉन्फ या फाइलमध्ये लिहावं लागतं. पॅकेज बसवलं म्हणून त्याची सेवा, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, आपोआप उठत नाही. पोस्टग्रेस (बिलांचा डेटाबेस) आणि सांबा यांच्या ओळी लिहिल्या, दोन्ही चालू करून पाहिल्या. निघता निघता डिस्कवर लक्ष ठेवणाऱ्या स्मार्टडीची ओळ व्हीआय या एडिटरमध्ये हाताने घातली. ती सेवा उद्या चालू करू म्हणून पर्वरीला घरी आलो.

रात्री पावसात वीज गेली ती पहाटेपर्यंत. यूपीएस कधीच संपला होता. सकाळी साडेसातला हिशेबनीस काकांचा फोन आला. "अरे, सर्व्हर उठत नाही. काउंटरचा मॉनिटर लावून बघितला, तर तो शेलचा पत्ता विचारतोय."

शुक्रवार, म्हणजे बाजाराचा दिवस. पोचलो तेव्हा गोदामापुढे टेम्पो उभे होते. मशीन सिंगल युजर मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरतं उठून, थांबलं होतं आणि वर अर्धवट अवतरणाची तक्रार होती. आरसी डॉट कॉन्फ ही साधी यादी नसते, शेल, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम, ती स्क्रिप्टसारखी वाचतं. स्मार्टडीच्या ओळीत 'येस'पुढचं अवतरणचिन्ह मी मिटवलंच नव्हतं. त्या एका खुणेपायी पुढचं सगळं अडलं होतं.

या मोडमध्ये मुख्य डिस्क फक्त वाचता येते. आधी एफएससीके चालवून डिस्क तपासली, मग 'माउंट -यू /' देऊन लिहिण्याजोगी केली आणि चिन्ह घातलं. 'एसएच -एन' लावून, म्हणजे न चालवता नुसती वाचायला लावून, फाइल तपासली, तक्रार आली नाही. ही तपासणी आदल्या रात्रीच करायला हवी होती. आता अशा ओळी मी सिसआरसी या आज्ञेनेच घालतो, ती अवतरणं स्वतः लावते.

सव्वानऊला सर्व्हर उठला. "सुरू करू?" काकांनी विचारलं.

"दहा मिनिटं द्या, काका. एकदा माझ्यासमोर बंद होऊन परत उठू दे."

शेठ घड्याळाकडे बघत होते, पण थांबले. मशीन पुन्हा उठलं. 'सर्व्हिस -ई' देऊन चालू ठेवायच्या सेवांची यादी पाहिली, तिन्ही नावं होती. काकांनी पहिलं बिल काढलं: गूळ, पाच ढेपा.