नान्नजच्या माळावर टायगर समजून टिपली, निघाली एगफ्लाय

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी भाच्याला गाडीवर मागं बसवून सोलापूर-बार्शी रस्त्यानं नान्नजकडं निघालो. माळढोक अभयारण्याच्या आत जायला वनखात्याची परवानगी लागते. आम्हाला फुलपाखरंच बघायची होती, म्हणून अलीकडच्या माळावर थांबलो. साडेसहालाच पोचलो, हा शुद्ध गाढवपणा. पक्ष्यांना पहाट लागते, फुलपाखरांना ऊन. साडेआठपर्यंत कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात बसलो.

ऊन चढलं तशी रुईवर प्लेन टायगर या फुलपाखरांची वर्दळ सुरू झाली. नारिंगी पंख, काळ्या टोकावर पांढरा तिरपा पट्टा. एक मादी पोट वाकवून पानाच्या पाठीला अंडं चिकटवत होती. एका पानावर एकच, मग पुढचं पान. अळ्या रुईवर वाढतात, तिथलं विष अंगात मुरतं आणि पक्षी यांच्या वाटेला जात नाहीत. म्हणून उडणंही निवांत, कुणाची भीती नसल्यासारखं.

थोड्या वेळानं शेताच्या बांधावरून भाचा ओरडला, "मामा, अजून एक टायगर!" मी न बघताच हो म्हणालो. फोटो मोठा केला आणि गप्प बसलो. मागच्या पंखावर काळा ठिपका एकच, तोही वरच्या कडेजवळ. टायगरच्या मागच्या पंखावर मधल्या भागात तीन ठिपके असतात, नराला चौथाही असतो. ही डॅनेड एगफ्लाय या वेगळ्याच फुलपाखराची मादी. स्वतःत विष नाही, नुसतं टायगरचं सोंग. हिचा नर मात्र काळाभोर, पांढऱ्या टिकल्यांना जांभळट निळी कड. दोघं एका जातीचे वाटतच नाहीत.

एगफ्लायचा तो ठिपका पंख पसरल्यावर पुढच्या पंखाखाली झाकला जातो. तेव्हा घाई नको. पंख मिटून बसेपर्यंत थांबा आणि खालच्या बाजूचा फोटो घ्याच. शिवाय ती कुठल्या झाडाशी घुटमळते ते टिपा. मध प्यायला दोघीही एकाच फुलावर येतील, त्यावरून काही ठरत नाही. अंडी घालताना मात्र टायगर रुई शोधते. एगफ्लाय बांधावर काय हुंगत होती, ते शेतातल्या मावशींना विचारलं.

"ही व्हय? घोळ हाय. भाजी करतो आम्ही."

एगफ्लायच्या अळ्या घोळीवर वाढतात, हे मला माहीत होतं. घोळ मात्र मी मंडईतच ओळखत होतो, जमिनीवर पसरलेली नाही!

तरवडावर पिवळसर पांढरी एमिग्रंट फुलपाखरं भरपूर होती, पण एकही नीट बसेना. त्यांच्यासाठी वेगळी फेरी.

जाणार असाल तर बूट आणि जाड पँट घाला, मोजे आखूड ठेवा. कुसळांनी माझे मोजे इतके भरले की ते तिथंच टाकावेसे वाटले. बाभळीखाली गाडी लावू नका. आम्ही लावली, आणि दोन किलोमीटर ढकलत आणली. मावशींनी दिलेली घोळीची जुडी तेवढी हँडलला लटकत होती.