एबीसीडी येते, पण पाणी मागत नाही

मी स्पीच थेरपिस्ट आहे, उशिरा बोलणारी मुलं रोजचीच, पण ही केस जरा वेगळी होती कारण आईबाबांची काही तक्रारच नव्हती, आजी हट्टाने घेऊन आल्या होत्या. मुलगा अडीच वर्षांचा. बाबा बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, याला सगळं येतं, ऐका तर." आणि खरंच येत होतं की! ए टू झेड, २० पर्यंत आकडे, रंग, हेक्सागॉनसुद्धा, सगळं मोबाईलवरच्या व्हिडिओतल्या बाईच्याच सुरात, वर शेवटी "गुड जॉब" पण स्वतःच म्हणून मोकळा.

मग मी आईला बाहेर थांबायला सांगितलं. तो दाराशी गेला, दार ढकललं, रडला, पण "आई" अशी हाक काही मारली नाही. तहान लागली तर माझं मनगट धरून बाटलीपर्यंत ओढत नेलं, तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. चित्रांचं पुस्तक दिलं तर पानावर बोट सरकवत बसला आणि चित्र बदलेना म्हणून चिडला.

मोबाईल किती बघतो विचारलं. बाबा म्हणाले, "फक्त जेवताना." आजी लगेच, "आणि उठल्यावर, आणि झोपताना, आणि तू कॉलवर असलास की."

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय, दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त १ तास, त्याहून कमी तर अजून चांगलं. पण मला तासांपेक्षा दुसरंच महत्त्वाचं वाटतं, व्हिडिओ मुलासाठी थांबत नाही हो, प्रश्न विचारतो आणि उत्तरही तोच देऊन टाकतो. बाळं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिशिया कूल यांचा २००३ चा प्रयोग आहे, अमेरिकेतल्या नऊ-दहा महिन्यांच्या बाळांना मँडरिन, म्हणजे चिनी भाषा, ऐकवली, समोर बसून बोलणाऱ्या माणसाकडून बाळं त्यातले आवाज ओळखायला शिकली, तेच व्हिडिओवर दाखवलं तर काहीच नाही.

म्हणून मी साबणाचे फुगे काढले. थोडे उडवले, झाकण घट्ट लावलं आणि गप्प बसले. त्याने बाटली हलवली, माझा हात ओढला, मी ढिम्म. बऱ्याच वेळाने मान वर करून पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि "फ" असं काहीतरी म्हणाला. मी लगेच झाकण उघडलं.

आई हळूच म्हणाल्या, "व्हॉट्सॲपवर ते व्हर्च्युअल ऑटिझम वाचलं होतं, मोबाईल फार बघून ऑटिझमसारखी लक्षणं येतात म्हणे, तेच का?" हे एक डोक्याला तापच झालंय. असं काही अधिकृत निदानच नाहीये, आणि लोक नुसता मोबाईल बंद करून वाट बघत बसतात, त्यात तपासणीचे महिने जातात. त्यांना स्पष्ट सांगितलं, मोबाईल कमी कराच, पण ऐकण्याची टेस्ट आधी आणि मग डेव्हलपमेंटचे डॉक्टर, दोन्ही व्हायलाच पाहिजे.

पुढच्या वेळी रिपोर्ट घेऊन आले, ऐकू नीट येतंय. जेवताना अजून आकांडतांडव चालूच आहे म्हणे. "पाणी" अजून म्हणत नाही, पण बाटलीकडे बोट दाखवून आजीकडे बघतो. डॉक्टरांची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळालीये.