मालवणच्या पाण्याखाली अकरा मुलं, बोटीवर मी

बोटीवर मला काम एकच होतं, बुडबुडे मोजायचे. खाली चार मुलं आणि त्यांना स्कूबा शिकवणारे एक सर, म्हणजे पाण्यावर पाच ठिकाणी बुडबुडे फुटायला हवेत. चारच दिसले की पोटात गोळा यायचा. मग कळायचं, दोघं अगदी शेजारी आहेत म्हणून दोघांचे बुडबुडे एकाच जागी येताहेत. तांडेल, म्हणजे आमची बोट चालवणारे, हसायचे. "वैनी, गप बसा बघू. सर आसत मा खाली."

मला पोहता येत नाही. लेकीने स्कूबाचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरण्याचा, हट्ट धरला, आयोजकांना सोबत दोन पालक हवे होते आणि माझी रजा शिल्लक होती, एवढंच कारण. एप्रिलचा शेवट आणि मेची सुरुवात मिळून नऊ दिवस आम्ही मालवण-तारकर्लीत होतो. अकरा मुलं, तेरा ते सतरा वयाची, बरीचशी पुण्या-मुंबईची, एक नागपूरचा. सकाळी डायव्हिंग, दुपारी वर्ग, संध्याकाळी 'पर्यावरण सेवा'. पुढच्या उन्हाळ्यात कुणी मुलांना अशा कार्यक्रमाला पाठवणार असेल तर उपयोगी पडावं म्हणून हे लिहितेय.

आधी महिन्याचं बोलू. मालवणचं पाणी सर्वांत स्वच्छ असतं ते साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. शाळांना सुट्टी मिळते एप्रिल-मेमध्ये. हा घोळ सुटणारा नाही. आम्हाला बहुतेक दिवस दोन-तीन मीटरपुढचं दिसत नव्हतं, एक सकाळ तेवढी बरी गेली. मोबाइलवर निळ्याशार पाण्याचे व्हिडिओ पाहून आलेल्या मुलांचे चेहरे पहिल्या डाइव्हनंतर बघण्यासारखे होते. हे घरीच सांगून ठेवा. आणि मेच्या पहिल्या आठवड्यापुढची तारीख घेऊ नका. वारा फिरतो, लाटा वाढतात, आणि मेअखेरीस पाण्यातले सगळे खेळ पावसाळ्यासाठी बंद होतात. २०२२च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. किनारा पन्नास पावलांवर दिसत असला तरी लाइफ जॅकेटची बक्कलं लावलेलीच हवीत. आमचे तांडेल ती स्वतः ओढून बघायचे, माझीसुद्धा.

दुसरी गोष्ट, 'स्कूबा' या एका शब्दाखाली मालवणात दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. एक म्हणजे पर्यटकांची छोटी डाइव्ह. पोहता आलं नाही तरी चालतं, प्रशिक्षक तुम्हाला मागून धरून फिरवतो, फोटो काढतो आणि वर आणतो. दुसरा म्हणजे प्रमाणपत्राचा ओपन वॉटर कोर्स. त्यात दोनशे मीटर पोहून दाखवावं लागतं, दहा मिनिटं कशाचाही आधार न घेता तरंगावं लागतं, आधी तलावात सराव आणि मग समुद्रात चार डाइव्ह. कोर्स दहाव्या वर्षापासून करता येतो. पंधरा पूर्ण नसतील तर ज्युनियर प्रमाणपत्र मिळतं. आमच्या मुलांच्या वयाला मर्यादा अठरा मीटरची, पण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आमची मुलं त्याच्या निम्म्यानेही खोल गेली नसतील. जाहिरातीत 'स्कूबा कॅम्प' लिहिलेलं असेल तर यातलं नेमकं कोणतं, हे फोनवर विचारून घ्या. एका प्रशिक्षकामागे किती मुलं हेही विचारा. पॅडी या डायव्हिंगचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या नियमात समुद्रात आठपर्यंत चालतात. आमच्या सरांनी चारच्या वर नेली नाहीत. त्या गढूळ पाण्यात आठ मुलं एका माणसाने कशी सांभाळली असती, मला कळत नाही.

वैद्यकीय फॉर्म खरा भरा. हे वाक्य सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी. आमच्यातल्या एका मुलाला सर्दी होती, पण डाइव्ह रद्द होईल म्हणून घरूनच 'बोलू नकोस' असं शिकवून पाठवलेलं. पाण्यात दर मीटरमागे कानावरचा दाब वाढत जातो, नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारत तो मोकळा करावा लागतो. नाक चोंदलेलं असेल तर तो मोकळा होत नाही. तीन मीटरवर त्याने हात हलवत 'त्रास होतोय'ची खूण केली, सरांनी सावकाश वर आणलं. चेहरा पांढराफटक. पुढचे दोन दिवस तो माझ्याशेजारी बसून बुडबुडे मोजत होता, आणि माझ्यापेक्षा चांगले मोजत होता. सहाव्या दिवशी डॉक्टरांनी कान तपासून परवानगी दिल्यावरच पुन्हा उतरला.

एक नियम मात्र मुलांच्या इतका अंगात मुरला की जेवतानाही चेष्टा चालायची: श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवर भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट होते, श्वास कोंडलेला असेल तर ती जाणार कुठे? सरांनी खाली नेलेल्या फुग्यात तिथेच हवा भरून तोंड बांधलं आणि तो वर येताना फुटलेला दाखवला. त्यानंतर भाषणाची गरजच उरली नाही.

आता सेवेबद्दल. इथे माझं आयोजकांशी थोडं वाजलं.

पहिल्याच संध्याकाळी मुलांना टी-शर्ट वाटले, 'समुद्र वाचवा' छापलेले, प्रत्येक वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. मग हातमोजे, एकदा वापरून टाकायचे. किनाऱ्यावर बॅनर धरून फोटो, वीस मिनिटं कचरा गोळा करणं, पुन्हा फोटो. गोणी कुठे जाणार, असं लेकीने विचारलं तर उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी सरांनी सूत्रं हातात घेतली. शंभर पावलांचा पट्टा आखला, तिघातिघांचे गट केले, आणि नुसतं उचलायचं नाही, मोजून लिहायचं असं ठरलं. दोरीचे तुकडे, थर्माकोल, बाटल्या, बुचं, चपला, जाळ्याचे तुकडे. जगभर १९८६पासून किनारे साफ करणारे लोक असंच मोजत आलेत, कारण मोजल्याशिवाय कळत नाही कचरा येतो कुठून. आमच्या पट्ट्यात बिस्किटांच्या वेष्टनांपेक्षा दोरी आणि थर्माकोल जास्त निघाले. म्हणजे दोष नुसत्या पर्यटकांवर ढकलून भागत नाही, हे मुलांनी स्वतःच काढलं. मग त्यातल्या एकीने तांडेलांना सरळ विचारलं, तुमच्या जाळ्यांची दोरी पडते का पाण्यात? ते क्षणभर गप्प झाले. "पडता. तुटला तर काय करतलास? खडकात अडाकला तर कापूकच लागता." आठवड्यातला सगळ्यात खरा संवाद हा होता, असं मला वाटतं.

खडकात अडकलेलं असं एक जाळं सरांना सहाव्या दिवशी दिसलं. मुलांना ते काढायचं होतं, अर्थातच. सरांनी साफ नकार दिला. पाण्याखाली जाळं कापणं हे नवशिक्याचं काम नाही, माणूसच त्यात गुरफटतो. शिवाय ज्या जाळ्यावर प्रवाळ किंवा शिंपले वाढलेत ते ओढलं की त्यांच्यासकट निघतं, मग ते तिथेच राहू द्यायचं. सर आणि दुसरा एक प्रशिक्षक गेले, सुटं होतं तेवढं कापून वर आणलं. परातीएवढा गुंडाळा, शेवाळलेला, उग्र वासाचा. त्यात एक कुर्ली, म्हणजे खेकडा, जिवंत होती. एक पाय नव्हता, उरलेल्यांभोवती नायलॉनचे तिढे. मुलं कात्री घेऊन डेकवर बसली. एक धागा कापला की ती नांगी उगारायची, सगळे मागे सरायचे, पुन्हा पुढे. पाऊण तास गेला. शेवटचा धागा निघाल्यावर एकाने तिला पाण्यात सोडलं, ती तिरकी तिरकी बुडत गेली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. सगळ्यांना जेवायचं होतं.

म्हणून माझा सल्ला: 'पाण्याखाली स्वच्छता' पहिल्या तीन-चार दिवसांतच ठेवलेली असेल तर तो कार्यक्रम घेऊ नका. ज्या मुलाला अजून एका पातळीवर तरंगत राहता येत नाही, ते खालचं बूच उचलायला वाकलं की गुडघे प्रवाळावर टेकतं आणि फिन्सने गाळ उडवतं. बूच निघतं, प्रवाळ मोडतं. आधी तरंगणं, मग सेवा. आमच्या मुलांनी तळातला कचरा उचलला तो आठव्या दिवशी, वाळूवरचा, आणि तोही चिमूटभर.

किल्ल्याजवळ आणखी एक प्रकार दिसला. पर्यटकांच्या डाइव्हमध्ये मासे जवळ यावेत म्हणून पाव-बिस्किटं टाकतात. फोटो सुंदर येतात. पण हा परिसर मालवण सागरी अभयारण्यात मोडतो, १९८७पासून, आणि पाव हे माशाचं अन्न नाही. तुमच्या मुलांच्या कार्यक्रमात असं करतात का, हा प्रश्न विचारला की समोरच्याची एकूण पारख होते.

किल्ला मात्र बघाच. १६६४ साली कुरटे बेटावर काम सुरू झालं, हे पुस्तकात वाचलेलं असतं. सात दिवस तोंडात खारं पाणी गेलेल्या मुलांना दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी दाखवल्यावर भर समुद्रातला किल्ला म्हणजे काय, ते वेगळंच पोचतं.

कांदळवनात एक संध्याकाळ गेली, देवबागच्या बाजूला, कर्ली नदीच्या काठी. रोपं लावायला मिळतील असं मुलांना वाटत होतं. प्रत्यक्षात चिखलातून वर आलेल्या श्वासमुळांत अडकलेल्या पिशव्या काढल्या, आणि तेच योग्य होतं. ओहोटीची वेळ साधावी लागते. पायात बंद बूट हवेत, चप्पल नको. खडकावरची कालवं ब्लेडसारखी कापतात, माझ्या टाचेला विचारा. ओहोटी कधी हे ओळखायचं कोष्टक तांडेलांनी शिकवलं: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. मुलांनी लगेच मोबाइलवर पडताळून पाहिलं. ढोबळमानाने जमतं.

कासवांची पिल्लं आम्हाला दिसली नाहीत. दोन पहाटे साडेपाचला वायंगणीच्या किनाऱ्यावर जाऊन बसलो. ऑलिव्ह रिडलेचा हंगाम संपत आला होता, एकच घरटं शिल्लक होतं आणि ते हललं नाही. पिल्लं बघायची असतील तर मार्चच्या आसपास या. तिथल्या कासवमित्राने मात्र आधीच रिकामं झालेलं एक घरटं उकरून अंड्यांची टरफलं मोजून दाखवली. किती फुटली, किती वाया गेली, सगळं वहीत. पुन्हा मोजणंच. मुलांची निराशा त्यात बरीच विरघळली. लेकीची नाही, ती अजून बोलून दाखवते.

परतीबद्दल एक गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात नव्हती. डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसायचं नसतं, अनेक दिवस डाइव्ह केल्या असतील तर निदान अठरा तास थांबायचं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. घाट कुणाच्या लक्षात येत नाही. फोंडा, गगनबावडा किंवा आंबोली, कुठूनही वर चढलं तरी तासाभरात पाच-सातशे मीटर उंची गाठतो, आणि पुणं स्वतः साडेपाचशेच्या वर आहे. उंचीवर हवेचा दाब घटतो, त्याआधी डाइव्हमध्ये शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ हवा, गाडी असो की विमान. आमची बस शेवटच्या डाइव्हनंतर त्याच संध्याकाळी सुटणार होती. सर अडून बसले, आयोजक कुरकुरले, एका रात्रीचं भाडं वाढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. तुमच्या वेळापत्रकात शेवटचा दिवस कोरडा आहे का, ते पैसे भरण्याआधी बघा. मुंबईची मुलं रेल्वेने गेली, कुडाळहून. सुट्टीत कोकण रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं त्याच सकाळी संपतं, हे सांगायला नकोच.

सामानात काय असावं? सनस्क्रीन लावून लावून थकण्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट द्या, पाण्यातही काही उतरत नाही. बोट लागते त्यांच्यासाठी डॉक्टरांना विचारून गोळी, आणि डाइव्हच्या आधी पोटभर नाश्ता नको. पहिल्या दिवशी सहा घावणे खाल्लेल्या मुलाने ते कुठे सोडले हे माशांना माहीत. कोकम सरबत भरपूर. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो, आधी सांगावं लागतं. जुनी कात्री एक, वर लिहिलंय कशासाठी.

डाइव्हची नोंद ठेवायची वही मिळते, त्यात दिसलेल्या गोष्टी लिहायच्या असतात. लेकीची शेवटची नोंद मी चोरून वाचली. खोली सात मीटर. दिसत होतं तीन मीटर. गोबरा मासा एक, खडकाखाली. जाळं एक, काढलं नाही, प्रवाळ आलंय. आणि खाली बारीक अक्षरात: आईचा हात दिसला, बोटीच्या कडेवरून.