लोणंदच्या पुढचा रस्ता

मागच्या वर्षी मी माऊलींच्या पालखीबरोबर आळंदीहून निघालो आणि लोणंदहून एसटीत बसून घरी परत आलो. कुणी विचारलं की काय, झाली का वारी, तर नुसतं हो म्हणायचो आणि विषय बदलायचो, आणि ते वर्षभर खुपत राहिलं. यंदा चाललो पंढरपूरपर्यंत, म्हणून आता सगळं सरळ लिहून टाकतोय, पहिल्यांदा जाणाऱ्या कुणाला उपयोगी पडलं तर बरंच आहे.

नवस वगैरे काही नव्हता. इच्छा एकच होती. लोणंदहून तरडगावला जाताना चांदोबाचा लिंब लागतो, तिथं पालखीचं पहिलं उभं रिंगण होतं, म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूला वारकरी उभे राहतात आणि मधून घोडे धावतात, त्या रिंगणात टाळकऱ्यांच्या रांगेत उभं राहायचं, गळ्यात टाळ, आणि माऊलींचा अश्व, ज्याच्यावर कुणी स्वार नसतो तो, समोरून धावत जाताना आपला टाळ मृदंगाबरोबरच पडला पाहिजे. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ते रिंगण बघितलेलं, तेव्हापासून डोक्यात आहे. आणि मागच्या वर्षी मी नेमका त्याच्या आदल्या मुक्कामाहून परत फिरलो, अर्ध्या दिवसाची चाल फक्त राहिली होती.

चुका काय केल्या ते सांगतो. निघायच्या दोन दिवस आधी नवे कोरे बूट घेतले. पाठीवर भरलेली सॅक, त्यात चादर, तीन ड्रेस, पॉवरबँक, खाऊचे डबे, सगळं मीच वाहत होतो, खरंतर दिंडीचा ट्रक असतो आणि सामान त्यात टाकायचं असतं. पण सगळ्यात मोठी चूक वेगळीच होती. पुणे ते सासवड हा टप्पा जवळपास 30 किलोमीटरचा, मध्ये दिवे घाट, आणि मला वाटलं आपण तरुण आहोत, दिंडी सावकाश चालते, आपण पुढं जाऊ. तर मी तरातरा पुढं जायचो, मग कुठंतरी झाडाखाली तासभर बसायचो, पाय थंड पडायचे, आखडायचे, पुन्हा उठून पळायचो. घाट चढलो तोपर्यंत गुडघा बोलायला लागला होता. सासवडला बूट काढले तर दोन्ही टाचांना फोड, आणि ते मी कुणाला दाखवले नाहीत. लाज वाटली. सत्तरीतल्या आजी डोक्यावर तुळस घेऊन अनवाणी चालतायत आणि आपण फोड दाखवत बसायचं? रात्री नेलकटरने कातडी कापून टाकली, म्हणजे जे अजिबात करायचं नाही तेच केलं. नीरेपर्यंत पायात पू झाला. नीरा नदीत पादुकांचं स्नान चाललेलं आणि मी लांब दगडावर पाय धरून बसलेलो. लोणंदच्या आरोग्य पथकातल्या डॉक्टरांनी ड्रेसिंग केलं आणि म्हणाले, सासवडलाच आला असतात तर चालत गेला असतात.

ते वाक्य मी घरी येऊन एका कागदावर लिहून ठेवलं. खाली बाकीच्या चुका लिहिल्या. दुःख करत बसण्यापेक्षा लिहून काढलं की बरं पडतं, कारण मग त्यातली प्रत्येक गोष्ट सुधारता येण्यासारखी दिसायला लागते, गुडघा किंवा नशीब असं काही त्यात नव्हतंच.

यंदा चार महिने आधी बूट घेतले, एक नंबर मोठे, कारण चालून चालून पाय सुजतात, आणि रोज पहाटे त्यातच चाललो. सामान ट्रकमध्ये, खांद्याला फक्त शबनम, त्यात पाण्याची बाटली, व्हॅसलिन, चिकटपट्टी. पायाला कुठं गरम लागलं की तिथंच थांबून पट्टी, फोड यायची वाट बघायची नाही. आणि दिंडी सोडायची नाही. आमच्या रांगेत एक जुने माळकरी आहेत, सगळे त्यांना नाना म्हणतात, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "माऊली, पायाकडं बघून चालू नका, टाळाच्या ठेक्यावर पाय टाका, तो ठेका तुम्हाला नेतो." आणि खरंच नेतो हो. दिवे घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या होत्या, अंगावर पाऊस येत होता, ज्ञानोबा माऊली तुकाराम चाललेलं, आणि मी वर कधी पोचलो ते कळालं नाही.

टाळाचं मात्र सोपं गेलं नाही. मी दोरी घट्ट आवळून धरायचो त्यामुळे आवाज मारल्यासारखा यायचा, बोटाला घट्टा पडला. वाल्ह्याला समाजआरतीला तर फार वाईट झालं. सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या असतात, टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो, आणि सोहळ्याला शिस्त लावणाऱ्या चोपदारांनी हातातला दंड, म्हणजे त्यांची काठी, वर केला की एका क्षणात सगळं शांत होतं. तेवढ्या शांततेत माझा एकट्याचा टाळ वाजला. रांगेतल्या सगळ्यांनी वळून बघितलं, मला तर तिथून निघून जावंसं वाटलं. नानांनी नुसतं मनगट धरलं. नंतर पंगतीत वाढता वाढता म्हणाले, "हाताकडं बघत होतात. दंडाकडं बघायचं." दुसऱ्या दिवसापासून मी हाताकडं बघणं सोडलं, सुरुवातीला चार ठेके चुकले, पण हात आपोआप सैल झाला आणि टाळाचा आवाज मोकळा यायला लागला.

मधल्या उन्हाच्या पट्ट्यात, पाय नको म्हणत होते तेव्हा, मी पंढरपूरचा विचार नाही केला. ते फार लांब वाटायचं. फक्त लिंबाचा विचार करायचो.

लोणंदच्या एसटी स्टँडजवळून जाताना छातीत धडधडलं, उगाच, कुणी ओढून बसवणार होतं का गाडीत. चांदोबाच्या लिंबाला दिंड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूला लागल्या, मी दुसऱ्या रांगेत होतो. नानांनी मागून खांद्याला धरून मला पुढं केलं आणि स्वतः माझ्या जागेवर गेले. आधी स्वाराचा अश्व गेला, मग माऊलींचा, टापांचा आवाज आणि मृदंग एकच झालेला, मी दंडाकडं, घोड्याकडं, समोर बघत होतो, डोळे भरून आलेले त्यामुळे नीट दिसत नव्हतं, पण टाळ पडत होता, बरोबर पडत होता. मग सगळे टापांखालची माती उचलायला धावले, मी पण. चिमूटभर कपाळाला लावली, चिमूटभर नानांच्या कपाळाला.

पंढरपुरात दर्शनाची रांग कुठल्या कुठं गेलेली, आम्ही कळसाचं दर्शन घेतलं. येताना माझा स्वतःचा टाळ घेतला, तोपर्यंत दिंडीतलाच वापरत होतो. रोज संध्याकाळी हरिपाठाला घेऊन बसतो. पावली, म्हणजे टाळाच्या ठेक्यावर नाचत टाकायची पावलं, अजून येत नाही मला, डावा पाय उशिरा पडतो, पुढच्या आषाढीपर्यंत तेवढं बसवायचंय, गोल रिंगणाच्या खेळात नानांच्या शेजारी उभं राहायचंय.